दुपारी बाराचा खेळ

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' १९९१ साली प्रदर्शित झाला तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात एकच थिएटर होते, आणि आईने तो चित्रपट शेजारच्या चौघींसह तिथल्या बाल्कनीत पाहिला. स्वयंपाक उरकून बाराच्या खेळाला जायचे आणि थोरली मुले शाळेतून परतायच्या आत घर गाठायचे, अशी त्यांची आखणी असे. अलका कुबल यांनी रंगवलेल्या सोशिक सुनेचे हाल पाहून आमच्या आजूबाजूच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, हे आईच्या मांडीवर बसून मी पाहिले आहे. पुढे त्या रडण्याला आम्ही शिकलेल्या मुलींनीच नावे ठेवली. तो अन्याय होता, असे मला आता वाटते. घरात ज्यावर उघडपणे रडता येत नसे, त्यावर त्या अंधारात, चौघींच्या सोबतीने रडत होत्या.

२०२३ च्या जुलैमध्ये आई, मावशी आणि मावशीच्या भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन मी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' पाहायला शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये गेले. नऊवारी नेसून, नथ घालून आणि वर गॉगल लावून आलेले बायकांचे गट तिथे जिन्यापर्यंत उभे होते. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ती गोष्ट संपली आणि काही जणींनी पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत फुगड्या घातल्या. मराठी चित्रपटाला नवा प्रेक्षक मिळाला, असे तेव्हा म्हटले गेले. मला तसे वाटत नाही. या त्याच बायका आहेत, किंवा त्यांच्या लेकीसुना. सोसणारी बाई पाहून त्यांचे आता समाधान होत नाही, स्वतःची राहून गेलेली हौस त्यांना पडद्यावर पाहायची आहे.

मात्र ही आवड मोजली जाते ती मल्टिप्लेक्सच्या तिकीटखिडकीवर, आणि आमच्या गावातले थिएटर पाडून तिथे मंगल कार्यालय उभे राहिले त्याला बरीच वर्षे झाली. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ मिळावा, असा निर्णय राज्य सरकारने २०१५ मध्ये घेतला. तो योग्यच होता, पण जिथे पडदाच उरलेला नाही तिथे त्याचा काय उपयोग? जवळच्या मल्टिप्लेक्सपर्यंत एसटीने दीड तास, त्यावर तिकिटाचा आणि खाण्याचा खर्च, म्हणजे पूर्वी चालत जाऊन पाहण्याचा सिनेमा आता वर्षातून एखाद्या वेळी साजरा करण्याचा सण झाला आहे. सणाला साजेल असाच चित्रपट मग निवडला जातो आणि शांत, साध्या गोष्टीचे चित्रपट मागे राहतात. बायका हल्ली मालिकांतच रमतात, असे कोणी म्हणाले की मला म्हणूनच राग येतो.

त्या चौघींपैकी एक काकू अजून गावातच असतात. त्यांनी 'बाईपण' काही महिन्यांनी टीव्हीवर, एकटीने पाहिला आणि रात्री आईला फोन करून विचारले, "थिएटरात खरंच फुगड्या घातल्या का गं?"