मावशीला काय दाखवायचं?

शनिवार, रात्री उशिरा

'तुझं सगळ्यात आवडतं ॲनिमे कुठलं?' हा प्रश्न जपानी ॲनिमेशनच्या चार चाहत्यांच्या घोळक्यात टाकून बघावा. पहिली काही मिनिटं नुसती नावांची फेकाफेक. जो तो आपली यादी अशी म्हणून दाखवतो, जणू समोर परीक्षक बसलेत. कुणीच न पाहिलेलं एखादं नाव ज्याच्या यादीत असेल त्याची कॉलर ताठ. मला या भागात काडीचा रस नाही. मजा येते ती नंतर, नावं संपतात आणि कुणीतरी पुढे सरकून म्हणतं, 'अरे, त्यात एक सीन आहे बघ.' मग हातवारे सुरू होतात, आवाज बदलतो. एरवी मोजकं बोलणारी माणसंही अशा वेळी सुटतात.

आज मावसभावाचे मित्रमैत्रिणी जमले होते, तेव्हा हेच झालं. एकाने 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'चं नाव घेतलं आणि लगेच म्हणाला, 'एकदाच पाहिलाय. पुन्हा बघायची हिंमत नाही.' सगळ्यात आवडता, आणि पुन्हा बघवत नाही! पण कुणी हसलं नाही, कारण ज्यांनी तो पाहिलाय त्या सगळ्यांचं तसंच आहे. १९४५ साल, कोबे शहरावर बाँब पडताहेत, आणि सेइता आणि सेत्सुको ही भावंडं उघड्यावर आलेली. सेत्सुकोकडे फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा आहे. गोळ्या संपतात तेव्हा सेइता त्या रिकाम्या डब्यात पाणी घालतो, हलवतो आणि तिला प्यायला देतो. तळाशी चिकटलेली चव तेवढी पाण्यात उतरते, आणि ती पोर कुठकुठल्या फळाची चव लागतेय ते सांगत सुटते. हा मुलगा एवढंच सांगून थांबला. पुढचं कुणीच काढलं नाही. त्या गोळ्या खऱ्याच होत्या, जपानात त्या पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या. लाल डब्यातल्या गोळ्या करणारी कंपनी २०२३च्या जानेवारीत बंद पडली, तेव्हा जगभरच्या चाहत्यांना घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं.

मला या चित्रपटाबद्दल आणखी एका गोष्टीचं नवल वाटतं. १६ एप्रिल १९८८ला तो प्रदर्शित झाला तो 'माय नेबर तोतोरो'च्या जोडीने, एकाच तिकिटावर दोन. एक इसाओ ताकाहाताचा, दुसरा हायाओ मियाझाकीचा, दोन्ही स्टुडिओ जिब्लीचे. एकात उपासमार, दुसऱ्यात पावसात बसस्टॉपवर छत्री धरून उभं राहिलेलं ते भलंमोठं केसाळ ध्यान, म्हणजेच तोतोरो. ज्यांना आधी तोतोरो आणि मग फायरफ्लाइज दिसला असेल त्यांची काय अवस्था झाली असेल! बरं, त्या वेळी या जोडीची तिकीटबारीवर कमाई बेताचीच झाली. तोतोरो घराघरांत पोचला तो नंतर, टीव्हीवरून आणि कापडी बाहुल्यांमधून. आता तर जिब्लीच्या बोधचिन्हातही तोच बसलाय.

पुढची गाडी अर्थातच लांबलचक मालिकांवर गेली. 'वन पीस'वाले दोघे होते. ही मालिका टीव्हीवर सुरू झाली २० ऑक्टोबर १९९९ला आणि हजारावा भाग आला २०२१च्या नोव्हेंबरात. अजून चालूच आहे. यांचं नेहमीचं पालुपद, 'सुरुवातीचे भाग धीराने बघ, मग बघ कशी पकड घेते.' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. धीर धरायला मी काय उपास धरलाय? पण त्यांचंही अगदीच चूक नाही. अशा मालिका चालू मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, बेतलेल्या असतात. मांगा दर आठवड्याला थोडी थोडी पुढे सरकते आणि टीव्ही तिला गाठतो. गाठलं की दोनच वाटा. एक म्हणजे मध्ये भराव घालायचा. 'नारुतो'त तो इतका आहे की कुठले भाग गाळायचे याच्या याद्या चाहते एकमेकांना पाठवतात. दुसरी वाट म्हणजे आपला शेवट आपण रचायचा. 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं तेच झालं. २००३ची मालिका सुरू झाली तेव्हा हिरोमु अराकावाची मांगा अर्ध्यातही नव्हती, म्हणून ५१ भागांत तिने वेगळीच वाट धरली. मग २००९ला 'ब्रदरहूड' आली, ६४ भागांची, मांगाला धरून. यातली कुठली बघायची यावर मैत्री तुटायची वेळ येते. बहुतेकांचं मत ब्रदरहूडकडे. माझं, आधी जुनी बघा. ह्यूज या पात्राचा जो एक प्रसंग जुन्या मालिकेत पंचविसाव्या भागात येतो, तो नवीत दहाव्यातच येऊन जातो. जुनीने तोवर त्या माणसाला आपल्या घरात येऊ-जाऊ दिलेलं असतं. नवीला पुढे जायची घाई. (इथे मावसभावाने उशी फेकून मारली.)

सबटायटल की डब, हा वादही झाला. तो मी ऐकला नाही असं समजते.

मग एकीने 'इव्हँगेलियन'मधला लिफ्टचा सीन सांगितला. हा सीन तोंडी सांगणं म्हणजे कसोटीच, कारण त्यात काही घडतच नाही. बाविसावा भाग. आसुका आणि रेइ या दोन मुली लिफ्टमध्ये. एक पुढे, एक मागे, दोघी गप्प. चित्र जवळजवळ मिनिटभर तसंच्या तसं. फक्त लिफ्टचा आवाज, एकेक मजला ओलांडल्याचा. पहिल्यांदा बघताना वाटतं व्हिडिओ अडकला. मग हळूहळू अंगावर यायला लागतं की या दोघींना एकमेकींशी बोलायचंच नाहीये आणि आपण त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये कोंडले गेलोय. ती सांगत असताना कुणीतरी म्हणालं, 'पैसे वाचवले रे, दुसरं काय!' आणि त्यातही तथ्य आहे. हिदेआकी आन्नोच्या या मालिकेत शेवटाकडे वेळेची आणि पैशाची ओढाताण होती. पण ही काटकसर जुनीच आहे. १ जानेवारी १९६३ला ओसामु तेझुकाची 'ॲस्ट्रो बॉय' सुरू झाली, दर आठवड्याला अर्धा तास. एवढ्या वेगाने पूर्ण हलतं चित्र काढणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. मग चित्रं कमी केली, तीच तीच पुन्हा वापरली, बोलताना नुसते ओठ हलवले. पुढच्या सगळ्यांनी तो कित्ता गिरवला. गंमत अशी की सक्तीने आलेल्या त्या स्थिर चित्रांचं काय करता येईल हे काहींना नेमकं सुचलं. सगळ्यांना नाही हं. कित्येक मालिकांत उभ्या चित्रामागे कलाबिला काही नसते, उद्या सकाळी भाग द्यायचा असतो एवढंच.

मला विचारलं तेव्हा मी 'ओन्ली यस्टरडे' म्हणाले आणि खोलीत शांतता. दोघांनी नावच ऐकलेलं नाही, एकाने ऐकलंय पण पाहिला नाही. नवल नाही. ताकाहाताचा १९९१चा चित्रपट, ना जादू, ना उडणारं काही. सत्तावीस वर्षांची ताएको तोक्योतल्या ऑफिसातून रजा काढून यामागाताला करडईची फुलं खुडायला जाते आणि वाटेत तिला पाचवीतली ताएको आठवत राहते. झाली गोष्ट. अमेरिकेत तो रीतसर इंग्रजीतून यायला २०१६ साल उजाडलं.

त्यातला अननसाचा प्रसंग मी सांगितला. ताएकोच्या घरी पहिल्यांदाच ताजा अननस येतो. काळ १९६६चा, डब्यातला अननस माहीत आहे पण अख्खा कसा चिरायचा कुणालाच ठाऊक नाही. तो तसाच ठेवून देतात. मग मोठी बहीण विचारून येते, आई चिरते, सगळं घर भोवती जमतं. फोडी वाटल्या जातात. पहिला घास, आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. आंबट, कडक. एकेक जण बशी बाजूला सारतं. आजी म्हणते, केळंच बरं. ताएको मात्र खात राहते. स्वतःची फोड, मग बहिणींनी टाकलेल्या. आवडलाय म्हणून नाही. एवढी वाट पाहिलेली गोष्ट अशी निघाली हे तिला मान्य करायचं नाहीये. चेहरा बघावा त्या पोरीचा! चावतेय, गिळतेय, चावतेय. एवढंच, आणि ताकाहाता ते अजिबात घाईत उरकत नाही.

मोठ्या ताएकोच्या चेहऱ्याबद्दलही मी बोलणार होते. तिच्या भागाचे आवाज आधी मुद्रित केले आणि चित्रं नंतर, बोलणाऱ्यांच्या तोंडाच्या हालचाली बघून. म्हणून ती हसली की गालांवर रेषा उमटतात. ॲनिमेतल्या तरुण बाईच्या गालावर रेषा! काहींना त्या खटकतात, म्हातारी दिसते म्हणे. मला तिच्या त्या रेषांमुळेच ती ओळखीची वाटते. पण हे सांगायचं राहिलं, कारण मध्येच मावशी बोलली.

मावशी इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, 'मग मी काय बघू?'

झालं! सगळे तुटून पडले. 'काकू, तुम्ही "युअर नेम" बघा, फार सुंदर आहे.' 'नाही काकू, "स्पिरिटेड अवे", त्याला ऑस्कर मिळालंय.' 'इव्हँगेलियन' असंही एक जण म्हणाला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. मी 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' म्हणाले. प्रत्येकाचा सूर एकच, नवख्या माणसाला काहीतरी गोड, सोपं, अंगाला न लागणारं द्यावं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पण त्यात माणसं करतात काय?'

यावर सगळ्यांची गाडी अडखळली. सुंदर आहे, चित्रं अप्रतिम आहेत, संगीत ऐक, हे सगळं तयार होतं. माणसं काय करतात? एक म्हणाला, '"युअर नेम"मध्ये मुलगा आणि मुलगी एकमेकांच्या शरीरात जातात.' मावशी म्हणाली, 'बरं,' आणि पुढच्याकडे बघितलं. मी म्हणाले, 'किकी घरोघरी सामान पोचवते, झाडूवरून.' त्यावरही 'बरं'च.

मग मावसभाऊ म्हणाला, 'आई, तू "मॉन्स्टर" बघ.' आम्ही ओरडलोच. ७४ भाग, त्यात खून, तेही एका मागोमाग! तो म्हणाला, 'गप्प बसा. आई, ऐक. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये टेन्मा नावाचा जपानी मेंदूचा सर्जन आहे. हात सोन्यासारखा. एका रात्री आधी आलेल्या मजुराची शस्त्रक्रिया सोडून त्याला वरून हुकूम येतो, ऑपेरातल्या प्रसिद्ध कलाकाराकडे जा. तो जातो. मजूर मरतो. मजुराची बायको येऊन याला जाब विचारते.'

मावशी सरसावून बसली. तिची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, वॉर्डात.

'मग काही दिवसांनी डोक्यात गोळी लागलेला लहान मुलगा येतो. हा तयारीला लागतो आणि पुन्हा हुकूम, महापौर आलेत, ते आधी. या वेळी टेन्मा ऐकत नाही. मुलाला वाचवतो.'

'आणि महापौर?'

'गेले.'

'बरोबर केलं त्याने,' मावशी म्हणाली. 'आधी आलेला आधी. मग त्याच्यावर कारवाई केली असेल त्यांनी?'

'ते बघच तू.'

नाओकी उरासावाच्या मांगावरची ही मालिका २००४-०५ची. मीही तिची चाहती आहे, पण मावशीच्या संदर्भात ती मनात आली नाही. मला ती थरारकथा म्हणूनच आठवते, मुलाच्या पुढच्या कहाणीमुळे. मावसभावाने आईला मुलाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. त्याने वॉर्डातली रात्र सांगितली.

मंडळी गेल्यावर जेवणं झाली, आवराआवर झाली. मावसभावाने पहिला भाग लावून दिला आणि स्वतः झोपून गेला. मला वाटलं होतं, एक भाग बघून तीही उठेल. मी इथे लिहीत बसलेय आणि बाहेरच्या खोलीत दुसरा भाग चालू आहे. मघाशी तिने हाक मारली, 'अगं, इकडे ये, या हॉस्पिटलच्या डिरेक्टरला वर कुणी विचारणारं नाही का?' मी म्हणाले, 'मावशी, थांब, बघ पुढे.' तर म्हणते, 'बघतेच आहे. पण मला याच्या स्टाफचं कळत नाही. एवढ्या सिस्टर उभ्या आहेत तिथे, एकीनेही तोंड उघडू नये?'