औदुंबराचं पान : पाणी अखेर काळं झालं

मराठी कविता, तिच्या जोडीला मोबाइलवर काढलेला फोटो आणि माझं छोटं टिपण, असं एक पुस्तक हातानं बांधायला घेतलंय. त्यातल्या बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेचा फोटो जमला! पानाचं अजून ठरायचंय, ते पुढे सांगतो.

‘औदुंबर’ला थेट जोडी लावायची नाही, एवढं मागच्या नोंदीतच पक्कं झालं होतं. नदीकाठचा उंबर काढला की कॅलेंडर तयार होतं आणि कविता त्याच्या खालची तारीख होऊन बसते. तिरपी जोडी मिळाली ती आमच्याच सोसायटीत. पार्किंगच्या मागे पावसाचं पाणी साचतं, त्यात चाकं बुडवून उभी असलेली जुनी चेतक. पहिल्या मजल्यावरच्या काकांची. ती चालू होत नाही आणि ते ती विकत नाहीत. जगाशी देणंघेणं नसल्यासारखी पाण्यात पाय सोडून बसलेली.

घोडं अडलं ते पाण्यापाशी. कवितेतली पायवाट काळ्या डोहाकडे जाते आणि माझं पाणी दर वेळी राखाडी. मोबाइलला काळोख दिसला की तो आपणहून उजेड ओततो, म्हणून एचडीआर (अंधारे भाग उजळणारी सोय) बंद केलं, रॉमध्ये, म्हणजे मोबाइलनं संस्कार न केलेल्या फाइलमध्ये काढलं, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली ओढलं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पाणी जरा दबलं, पण स्कूटरही त्यात गडप झाली. मग मोबाइलला चिमट्यानं अडकवायचा सीपीएल, म्हणजे चमक कापणारा फिल्टर लावला. पाण्यावरची चमक लंबापासून साधारण ५३ अंशांच्या कोनात सगळ्यात चांगली कापली जाते. तसा कोन धरून खाली वाकलो, फिल्टर फिरवला. चमक गेली, पण सोबत स्कूटरचं प्रतिबिंबही गेलं आणि तळाची शेवाळलेली फरशी वर आली. (चिमट्याच्या स्वस्त फिल्टरांवर पैसे घालवू नका. कडेला जांभळट झाक येते.) ब्लॅक अँड व्हाइट करून सुटका झाली असती, पण निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा अशा रंगांवर चालणाऱ्या कवितेला ते करणं मला पटत नाही.

उत्तर कवितेतच होतं. शेवटच्या दोन ओळींत डोह मुळात काळा नाहीच. झाडानं वरून झाकळल्यामुळे लाटांवर काळिमा पसरलाय. माझ्या पाण्यात राखाडी दिसत होतं ते आभाळ. तेवढं आभाळ झाकलं की झालं! काकांना खाली बोलावलं, त्यांच्याच काळ्या छत्रीसकट. स्कूटरच्या मागे उभं राहून, चौकटीत येणार नाही इतकी वर छत्री धरायची.

“फोटो स्कूटरचा काढतोयस की पाण्याचा?”

“पाण्याचा, काका.”

“मग स्कूटर पुसायला कशाला लावलीस?”

पाणी गडद, त्यात हँडलचं स्वच्छ प्रतिबिंब, कडेला थोडं हिरवं. एक्स्पोजर फक्त अर्धा स्टॉप खाली. बराच वेळ नुसता बघत बसलो.

मग लॅब. तिथल्या मशीननं ‘फोटो अंधारा आहे’ असं ठरवून प्रिंट उजळून दिली! आता फाइलसोबत ‘नो करेक्शन’ असं लिहून देतो आणि तोंडीही सांगतो. कागदही बदलला. मॅटवर काळा रंग फिका पडतो, लस्टरवर (हलकी चमक असलेल्या कागदावर) बसतो. बाकीच्या पानांना मात्र मॅटच बरा.

बहिणाबाईंचं पान विनासायास झालं. ‘मन वढाय वढाय’ला कुरडयांच्या वाळवणावर हाकलली तरी फिरून येणारी कबुतरं. टिपणाची गरजच पडली नाही.

छापील प्रती मित्रांना द्यायच्या म्हणून हक्कांचं एकदा सांगून ठेवतो. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ साली गेले, मर्ढेकर १९५६ साली, त्यामुळे त्यांच्या कविता पूर्ण घेता येतात. बोरकर १९८४, कुसुमाग्रज १९९९. तिथे परवानगी येईपर्यंत फक्त कवितेचं नाव आणि आपलं टिपण.

आता पानाचं. डावीकडे कविता, उजवीकडे फोटो ही नेहमीची मांडणी धरली होती, पण हे लिहिता लिहिताच ती मोडावीशी वाटतेय. कविता लांबून जवळ येते: झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह, आणि झाड अगदी शेवटी. फोटो शेजारीच असला तर शेवट आधीच फुटतो. म्हणजे पहिल्या सहा ओळी एका पानावर, समोरचं पान कोरं, आणि पान उलटल्यावर उरलेल्या दोन ओळी नि स्कूटर. टिपणही मग चार ओळींवरून एकावर: ‘किल्ली अजून काकांच्या खिशात असते.’

यात एक पान वाढतं आणि शिलाईचं गणित बदलतं. लस्टर कागद घडीवर तडकतो का, की घडीच्या जागी कापडी पट्टी लावून घ्यावी? कुणी हातानं बांधणी केली असेल तर सांगा, त्याआधी मी कापत नाही.