झऱ्याच्या पाण्यातला रेडॉन शेवटी जातो कुठे?

गरम पाण्याच्या झऱ्याची पाटी वाचताना नजर ‘पाण्यात लिटरला इतके बेकरेल’ या रेडॉनच्या आकड्यावर जाते (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). शरीरात काय शिरतं, हे त्या आकड्यावरून फारसं कळत नाही. रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू; त्याला पाण्यात राहायचंच नसतं. २० अंश सेल्सिअसला पाणी आणि हवा समतोलात असतील, तर तेवढ्याच हवेच्या पावपट रेडॉन पाण्यात उरतो. ४० अंशांना जेमतेम सहावा हिस्सा. म्हणजे नळ उंचावरून सोडला, पाणी ढवळलं, की तो खोलीच्या हवेत.

टबात २०० लिटर पाणी, लिटरला ६६६ बेकरेल, असं धरू. एकूण सुमारे १,३३,००० बेकरेल. त्यातला निम्मा २० घनमीटरच्या बंद न्हाणीघरात निसटला, तर हवेत घनमीटरला ३,३०० बेकरेल. घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी १०० आहे. उपचार म्हणून त्वचेतून रेडॉन जायला हवा असेल, तर टब तळाकडून, पाणी न उसळवता भरावा आणि खोलीची हवा खेळती ठेवावी.

त्वचेतून किंवा श्वासातून रक्तात गेलेला रेडॉन कशाशी संयोग पावत नाही. टबातून बाहेर आल्यावर बहुतेक भाग तासा-दोन तासांत उच्छ्वासातून निघून जातो; चरबीत तो जास्त विरघळतो, म्हणून तिथला मागाहून सुटतो. किरणोत्सर्गाची खरी मात्रा देतात ती त्याची अपत्ये, म्हणजे रेडॉन फुटून बनणारी मूलद्रव्यं. रेडॉन-२२२ चं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ३.८ दिवस, पण पोलोनियम-२१८ चं फक्त ३ मिनिटं, शिसे-२१४ चं २७, बिस्मथ-२१४ चं २०. ही घन मूलद्रव्यं हवेतल्या धूलिकणांना चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि बाहेर टाकली जाण्याआधी तिथेच अल्फा कण सोडतात. त्वचेवर बसलेल्यांच्या अल्फा कणांची पोच काही दशांश मिलिमीटरही नाही. साबणाने धुऊन टाकावीत.

ऑस्ट्रियातलं बाड गास्टाइन याचं ठळक उदाहरण. तिथे लोक उपचारासाठी जुन्या सोन्याच्या खाणीच्या बोगद्यात बसतात; तिथली हवा ३७ ते ४१.५ अंश, दमट, आणि रेडॉन घनमीटरला सुमारे ४४,००० बेकरेल. हवेत अपत्यं पूर्ण समतोलाच्या ०.४ पट आहेत असं धरून संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग समितीचा ९ नॅनोसिव्हर्टचा गुणक लावला, तर एका तासाला साधारण ०.१६ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या मात्रेचं एकक). तासाभराच्या दहा बैठकांना १.६. त्याच समितीच्या २००८ च्या अंदाजानुसार निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतात. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा नवा गुणक घेतला तर ही मात्रा जवळपास दुप्पट होते, त्यामुळे कोणी एकच आकडा ठासून सांगत असेल तर गुणक विचारावा. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका त्याच मात्रेत कितीतरी जास्त.

कोकणातली उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, बहुतेक बेसाल्टमधून येतात. या खडकात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी, त्यामुळे तिथे गास्टाइनसारखे आकडे गृहीत धरू नयेत. मोजूनच पाहावं.

मोजताना चूक बहुधा नमुना घेतानाच होते. प्लास्टिकची बाटली नको, रेडॉन त्यात शोषला जातो. काचेची बाटली पाण्याखाली बुडवून पूर्ण भरावी, झाकणही पाण्याखालीच लावावं आणि वेळ लिहून ठेवावी. तरी ५० अंशांचं पाणी २५ वर आलं की सुमारे ०.९ टक्के आकसतं, आत पोकळी होते आणि तीत जवळजवळ ४ टक्के रेडॉन जमतो. झाकण उघडताच गेला. म्हणून थंड होऊ द्यावं, पोकळी दिसली तर दुरुस्ती लावावी. प्रयोगशाळेत पोहोचायला २४ तास लागले, तर क्षयाने १७ टक्के गेलेले असतात. तेही हिशेबात मिळवावेत. द्रव प्रस्फुरण पद्धतीत (किरणांमुळे द्रवात उठणाऱ्या प्रकाशाच्या ठिणग्या मोजतात) कुपीत १० मिलिलिटर पाणी, तेवढंच तेलकट प्रस्फुरक, आणि अपत्यं समतोलात यायला ३ तास थांबायचं.

तीच बंद कुपी महिन्याने पुन्हा मोजावी. तोवर सुटा रेडॉन अर्धा टक्काही उरत नाही. तरीही गणती आली, तर पाण्यात रेडियम विरघळलेलं आहे, ज्यातून रेडॉन सतत बनत राहतो, आणि ते प्यायला नको.