सही येते, वाचता येत नाही

रविवारची रिमांड ड्यूटी, म्हणजे अटक झालेल्यांना कोठडीसाठी कोर्टात आणतात तेव्हा त्यांची बाजू मांडायची. त्यात आरोपीशी बोलायला जिन्याजवळ मिळतील तेवढी पाच मिनिटं, तीही हवालदार घड्याळ बघत उभा असताना. त्या दिवशी सुरगाण्याकडची दोन पोरं होती. द्राक्षाच्या कामाला नाशिकला आलेली. गुन्हा रात्रीच्या घरफोडीचा आणि मोफत विधी सेवेची वकील म्हणून मी.

पहिल्याला दिलेला अटकेच्या कारणांचा कागद बघून मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! छापील मजकूर: 'सखोल तपास करणे, पुरावा नष्ट होऊ नये.' हे कुणाच्याही अटकेला चालतं. या पोराविरुद्ध नेमकं काय सापडलं, त्याची एक ओळ नाही. पुरकायस्थ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हाच फरक सांगितला: सरसकट कारणं (reasons) वेगळी आणि त्या माणसाविरुद्धचे नेमके आधार (grounds) वेगळे. पण मराठीत आपण दोन्हींना 'अटकेची कारणे'च म्हणतो, आणि पोलिस ठाण्याला ते फार सोयीचं पडतं.

मी मिहीर शाह प्रकरणाचा निकाल पुढे केला. लेखी कारणं दिली नव्हती, तरी आपल्या उच्च न्यायालयाने त्यात अटक वैध धरली होती. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला: गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी हवीत, आरोपीला समजेल त्या भाषेत हवीत, आणि उशीर झालाच तरी रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हवीत.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी पोरालाच विचारलं, "अटक का केली, सांगितलं का?"

"हो."

"काय सांगितलं?"

"इथं बस म्हणले."

पोरगा सुटला. अर्थात, नीट कागद देऊन पोलिस पुन्हा रिमांड मागू शकतात, तोच निकाल तशी मुभा देतो.

दुसऱ्याचा कागद मात्र नमुनेदार. हाताने लिहिलेला, तारीख, वेळ, जप्त मुद्देमाल, साक्षीदार, खाली ठसठशीत सही. आयओने, म्हणजे तपास अधिकाऱ्याने, मेहनत घेतली होती, मीही मनात दाद दिली. कस्टडी कमी दिवसांची द्या एवढंच म्हटलं. दोन दिवसांची पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, झाली.

गाडीत बसवताना मी त्याला म्हटलं, "कागद जपून ठेव."

"तुम्हीच ठेवा मॅडम. सही येते, वाचता नाही येत."

वाचून दाखवला होता का? नाही. माझ्या पाच मिनिटांत मी सही बघितली, त्याला विचारलं नाही.

सोमवारी त्याच्या सुटकेसाठी अर्ज टाकला. एपीपी, म्हणजे सरकारी वकील, हसून म्हणाले, "मॅडम, काल तुमचीच हरकत नव्हती ना?" कोर्टाच्या रोजनाम्यात तसंच लिहिलंय.