पावसानंतरचा उन्हाळा

जुलैच्या मध्यावर आम्ही घर सोडले तेव्हा फोंड्यात पावसाची झड लागलेली होती. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरले होते आणि मोपा विमानतळापर्यंतच्या वाटेत गाडीची काच एकदाही कोरडी झाली नाही. माझ्याबरोबर सत्तरी ओलांडलेली आई होती. भाचा क्योटोत संशोधन करतो आणि त्याला सवड जुलैतच होती. "मामा, इथला उकाडा वाईट असतो, आजीला झेपेल का?" असे त्याने दोनदा विचारले, तेव्हा गोव्यात जन्मलेल्या माणसांना तू घामाची भीती घालतोस काय, असे मी त्याला फोनवर सुनावले होते. या वाक्याची फेड पुढे मलाच करावी लागली.

दिल्लीहून टोकियो आणि तिथून बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांत क्योटो. गाडीत इतका गारवा होता की आईने शाल खाली ठेवली नाही. आणि क्योटोच्या फलाटावर पाय ठेवताक्षणी माझ्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

जपानमध्येही पावसाळा असतो. त्याला 'त्सुयु' म्हणतात आणि हा शब्द 'उमे' नावाच्या आंबट फळाची व पावसाची अशा दोन चित्रलिपी जोडून लिहितात, कारण ते फळ याच पावसात पिकते. हा पाऊस जूनमध्ये येतो आणि जुलैत संपतो, आणि तो संपल्यावर खरा उन्हाळा सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्याची काहिली सोसायची ती मृगाच्या आशेवर. आधी ऊन, मग सुटका. तिथे आधी पाऊस, आणि त्यानंतर ओल्या जमिनीवर चढणारे ऊन, ज्याच्या पलीकडे सप्टेंबरपर्यंत कसलीच आशा नसते. गोव्यात मे महिन्यातही पारा सहसा तेहेतीस-चौतीसच्या पुढे सरकत नाही आणि दुपारनंतर खारे वारे सुटतात. क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगटात वसलेले आहे. आम्ही होतो त्या दिवसांत तिथे दुपारी ३६-३७ अंश असत, आणि वारा म्हणाल तर झाडाचे पान हलत नव्हते. रात्री २५ अंशांच्या खाली न उतरणाऱ्या दिवसाला तिथे 'उष्णकटिबंधीय रात्र' असे नाव आहे. या हिशेबाने आमच्या फोंड्यातल्या मे महिन्याच्या साऱ्याच रात्री तशा, पण आम्ही त्यांना कधी नाव ठेवले नाही.

भाच्याचे घर जुन्या लाकडी बांधणीचे होते: दर्शनी भाग अरुंद आणि आत लांबच लांब पसरलेले. अशा घरांना तिथे 'ईल माशाचे अंथरूण' म्हणतात. मध्ये एक चिमुकली बाग उघड्या आभाळाखाली सोडलेली असते. तिच्यावर आणि पुढल्या रस्त्यावर पाणी शिंपडले की दोन टोकांच्या हवेत फरक पडतो आणि घरातून झुळूक वाहू लागते. "हे आपले राजांगणच," आई म्हणाली, "फक्त तुळस नाही." समोरची म्हातारी रोज सकाळी आणि दिवस कलताना दारापुढे पाणी शिंपायची. भर दुपारी मात्र नाही, कारण तेव्हा वाफच उठते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तिसऱ्या दिवसापासून आई तिच्या शेजारी तांब्या घेऊन उभी राहू लागली.

१७ जुलैला गिओन उत्सवातली रथांची मिरवणूक पाहिली. ८६९ साली पसरलेल्या साथीच्या शमनासाठी हा उत्सव सुरू झाला असे सांगतात. दमट उन्हाळ्यात रोगराई वाढते हे तेव्हाही ठाऊक होते. सुमारे बारा टनांचे रथ दोरखंडांनी बांधलेले असतात. चौकात वळवताना चाकांखाली बांबूच्या कांबी पसरून पाणी ओततात आणि एका हाकेसरशी रथ आडवा ओढतात. मंगेशीच्या रथाला हात लावलेल्या माणसाला ते पाहून भरून येते. आई सावली गाठून पंखा हलवीत बसली. मी भर उन्हात छायाचित्रे काढत उभा राहिलो आणि डोके जड झाले, तरी शहाणपण आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच फुशिमी इनारीचा डोंगर चढायला गेलो. डोंगर अवघा २३३ मीटरांचा. शेंदरी कमानींच्या रांगेतून पायऱ्या जातात. उकाड्याचा धोका मोजायला जपानी लोक एक वेगळा निर्देशांक वापरतात, ज्यात दहापैकी सात भाग ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला दिलेले असतात, म्हणजे वजन उन्हापेक्षा ओलाव्याला जास्त. त्याचा इशारा सकाळीच भाच्याच्या फोनवर आला होता. मी पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या, घाम निथळत राहिला, पण हवेत जागाच नसल्यामुळे तो वाळेना, आणि वाळल्याखेरीज घाम अंग थंड करीत नाही. अर्ध्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे आले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. चहाच्या दुकानातल्या बाईने मला बाकावर बसवून मानेवर गार ओला टॉवेल ठेवला आणि हातावर खारट गोळी ठेवली. नुसते पाणी पिऊन भागत नाही, मीठही लागते, हे मला कळायला हवे होते. लहानपणी शेतावरून आलेल्या गड्यांना मीठ घातलेली पेज देताना मी पाहिले होते.

घरी परतल्यावर आईने काही विचारले नाही. भाच्याने मऊ भाताची पेज केली होती, तिला तिथे 'ओकायु' म्हणतात, आणि तिच्यावर एक सुरकुतलेले तांबडे उमेबोशी ठेवले होते. मी ते तोंडात घातले आणि थेट मिठात चेपलेल्या तोरांची, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांची, आठवण झाली. उमेची फळे जूनमध्ये मिठात घालतात आणि पाऊस संपला की तीन दिवस उन्हात वाळवतात. समोरच्या म्हातारीच्या गच्चीवर बांबूच्या सुपांत ती मांडलेली होती. आई बराच वेळ तिकडे पाहत राहिली. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सारे वाळवण आम्ही पाऊस येण्यापूर्वी घाईघाईने उरकतो. इथे पाऊस गेल्यावर सावकाश चालले होते.

त्यानंतरचे दिवस मी आईच्या शिस्तीत काढले. सकाळी पाचला ऊन आलेले असे, तेव्हा बाहेर पडायचे, अकराला परतायचे, दुपारी झोपायचे आणि संध्याकाळी कामो नदीच्या काठावर बसायचे.

मोपाला उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि अंगावर शिरशिरी आली. म्हातारीने निघताना दिलेली उमेबोशीची बरणी आईने तोरांच्या बरणीशेजारी ठेवली आहे, आणि मला अजून हात लावू दिलेला नाही.