वास अंगाचा नव्हताच

मी कुत्र्यांच्या ग्रूमिंगचं काम करते. आंघोळ, ब्रशिंग, नखं, कान, सगळंच. येणाऱ्या लोकांची सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे "खूप वास मारतोय हो", आणि त्याला जोडूनच बरेच जण म्हणतात, "अहो परवाच आंघोळ घातली होती". हे ऐकलं की मी आधी शाम्पूची बाटली खाली ठेवते, कारण दोन दिवसांत परत येणारा वास बहुतेक वेळा मळाचा नसतो, तो कुठूनतरी येत असतो आणि ती जागा सापडेपर्यंत कितीही धुवा, काही उपयोग नाही.

ब्रुनोची केस यातलीच, पण इतकी वेगळी निघाली की लिहावीशी वाटली.

दीड वर्षाचा काळा लॅब्रॅडॉर. एक काकू आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा त्याला घेऊन आले. काकू अक्षरशः रडवेल्या झाल्या होत्या. घरात दोन गोष्टींवरून रोज वाद. एक म्हणजे वास, हॉलमध्ये बसवत नाही इतका, आणि दुसरं म्हणजे हा सगळं चावतो. चपला, रिमोट, दाराची चौकट, आणि डायनिंगच्या खुर्च्यांचे पाय तर त्याने कुरतडून बारीक केलेले. घरातले एकजण म्हणायला लागलेले की याला कुणालातरी देऊन टाकूया. हे सांगताना काकूंचा आवाज बसला आणि मुलगा दुसरीकडे बघायला लागला. ब्रुनो मात्र माझ्या पायाशी येऊन हुंगत शेपटी हलवत उभा.

वास होताच, नाकारण्यात अर्थ नाही. दारातून आत आला तेव्हाच जाणवला. सडका आणि जरा गोडसर, ओल्या कुत्र्याचा जो कुबट वास असतो तो हा नव्हे. ओल्या कुत्र्याचा वास सुकला की कमी होतो, केसांवरच्या जंतूंमुळे येतो तो, पाणी लागलं की हवेत पसरतो. हा कोरड्या अंगालाही तसाच येत होता.

मी टेबलवर घेतलं आणि नेहमीसारखी मागून सुरुवात केली. शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना ग्रंथी असतात, त्या भरल्या की मासळीसारखा उग्र वास येतो आणि कुत्रा बूड जमिनीला घासत फिरतो. तिथे काही नव्हतं. मग पंजे, बोटांच्या मधली त्वचा, काखा, गळपट्ट्याखालची जागा (ही लोक नेहमी विसरतात, पट्टा ओला राहतो आणि खाली त्वचा आंबते). मग कान. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आत हवा खेळत नाही, त्यामुळे यीस्ट वाढून आंबूस वास आणि तपकिरी मळ येणं फार कॉमन आहे. पण ब्रुनोचे कान स्वच्छ.

अंगाची त्वचा मात्र खराब झालेली, पोटाकडे लालसर, पाठीवर कोंडा. विचारलं तर कळलं की वासाच्या काळजीने काकू दर दोन-तीन दिवसांनी आंघोळ घालत होत्या, घरातल्याच शाम्पूने, आणि वर परफ्यूमचा स्प्रे. काकूंना मी रागावले नाही, जो माणूस इतकं करतो तो जीव लावणारा असतो. पण समजावून सांगितलं की माणसाची त्वचा आम्लाकडे झुकणारी, पीएच साधारण 5.5, कुत्र्याची त्याहून न्यूट्रलच्या जवळ आणि थरानेही पातळ. आपला शाम्पू, अगदी लहान बाळांचासुद्धा, त्यांना कोरडं करतो, मग खाज, मग चाटणं, आणि लाळेने ओली राहिलेली त्वचा आणखी वास मारते. आणि परफ्यूम तर आपल्यापेक्षा कितीतरी पट तिखट नाक असलेल्या प्राण्याच्या अंगावर मारणं म्हणजे त्याच्यासाठी शिक्षाच आहे. टी ट्री ऑइलही अनेक जण वासासाठी लावतात, ते तर कुत्र्यांना विषारी ठरू शकतं, कृपया लावू नका.

पण कोरडी त्वचा म्हणजे तो सडका वास नव्हे, म्हणून मी पुढे सरकत राहिले आणि तोंडाजवळ पोचल्यावर वास एकदम वाढला. हनुवटीचे केस ओले, चिकट. मी हात जवळ नेला तसा त्याने मान फिरवली आणि पुढच्या पंजाने तोंड पुसल्यासारखं केलं. मुलगा म्हणाला, "ताई, हे तो सारखं करतो, गालिच्यावर पण तोंड घासतो, आम्हाला वाटलं खाज येते."

ओठ वर केला, दात पांढरे, हिरड्या गुलाबी. दीड वर्षाच्या कुत्र्याचं तोंड दातांच्या किटणाने इतकं घाण होणं मला पटत नव्हतं. बिस्किटाच्या आमिषाने एकदा मोठं तोंड उघडायला लावलं आणि वरचा टाळू दिसला. डाव्या आणि उजव्या दाढांच्या मधोमध, आडवा, पुलासारखा अडकलेला लाकडाचा तुकडा, करंगळीएवढा. भिजून काळपट पडलेला, एका टोकाला दाढेला घट्ट टेकलेला, आणि त्याच्या कडेने टाळू लाल, सुजलेला, त्यावर पिवळट चिकटा.

मुलाने बघितलं आणि लगेच दोन बोटं आत घालायला निघाला. मी त्याचा हात धरला. इतके दिवस रुतलेली वस्तू ओढली तर रक्त येऊ शकतं, तुकडा मोडून मागे घशात जाऊ शकतो, आणि दुखल्यावर सगळ्यात प्रेमळ कुत्राही चावतो, त्यात त्याचा काही दोष नसतो. हे काम माझं नाही, डॉक्टरांचं आहे. आंघोळ रद्द केली, आमच्या ओळखीच्या व्हेटना फोन केला आणि त्यांना तसंच तिकडे पाठवलं.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. गुंगीचं इंजेक्शन देऊन तुकडा काढला, जखम धुतली, औषधं दिली, थोडे दिवस मऊ खाणं सांगितलं. आणि तुकड्याच्या एका बाजूला पॉलिश होतं. डायनिंगच्या खुर्चीचं! म्हणजे घरातली दोन भांडणं मुळात एकच होती, चावण्यातून वास आला होता. डॉक्टर म्हणाले कुत्र्यांच्या वरच्या मोठ्या दाढांमध्ये अशी काठी, हाड अडकणं त्यांना नवीन नाही, फक्त लोक तोंड उघडून बघत नाहीत.

जखम भरल्यावर ब्रुनो परत आला, वास गेलेला. चावणं गेलं नव्हतं, आणि मला ते अपेक्षितच होतं. दीड वर्षाच्या कुत्र्याचं चावणं आता दात येण्याचं नसतं. दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 यायचं काम सहा-सात महिन्यांत उरकतं. त्यापुढचं चावणं म्हणजे उरलेली ताकद, कंटाळा, किंवा एकटं राहायची भीती. यातलं कुठलं हे कळल्याशिवाय उपाय सुचवणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून मुलाला सांगितलं की घरी कुणी नसताना एक जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा. भीतीचं असेल तर कुत्रा बहुतेक वेळा तुम्ही गेल्या गेल्याच येरझाऱ्या घालतो, धापा टाकतो, भुंकतो, दार-खिडकी ओरबाडतो, आणि मग डॉक्टर आणि बिहेवियरवाल्यांकडेच जायला हवं. ब्रुनोच्या व्हिडिओत तो आधी मस्त झोपला, उठला, आळस दिला, घरभर फिरला आणि मग निवांतपणे खुर्चीकडे गेला. कंटाळा.

काकू म्हणाल्या, "पण त्याला कळतं हो चुकलंय ते, मी आले की कान पाडून कोपऱ्यात बसतो." हे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि यामुळे कुत्री विनाकारण मार खातात म्हणून जरा विस्ताराने सांगते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 मध्ये यावर अभ्यास छापला होता. मालकाने मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही याच्याशी त्या 'अपराधी' चेहऱ्याचा संबंध सापडला नाही, मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, आणि काहीही न केलेल्या कुत्र्यांवर ओरडलं तर उलट जास्तच. म्हणजे ब्रुनो काकूंचा चेहरा वाचत होता. दोन तासांपूर्वीची खुर्ची त्याच्या डोक्यातही नव्हती.

मग करायचं काय, तर चावणं बंद करायचं नाही, जागा बदलायची. चावणं ही कुत्र्याची गरज आहे, त्याने तो शांत होतो. सकाळच्या फिरण्यात ओढत नेण्यापेक्षा हुंगू द्यायचं, मनसोक्त. घरातून निघताना आत खाणं भरून फ्रीजरमध्ये घट्ट केलेलं रबराचं पोकळ खेळणं द्यायचं, तोंडात पूर्ण जाणार नाही इतक्या साइझचं. सगळी खेळणी एकदम बाहेर नकोत, आलटून पालटून. जुनी चप्पल खेळायला द्यायची नाही, त्याला जुनी आणि नवी यातला फरक कसा कळणार. आणि नको ती वस्तू तोंडात दिसली तर मागे धावायचं नाही, तो खेळ होतो त्याचा, कधी घाईत वस्तू गिळूनही टाकतात. काहीतरी जास्त आवडतं पुढे करायचं आणि सोडलं की शाबासकी.

मुलाने प्रेमाने एक मोठं कडक हाड आणलं होतं ते मी बाजूला ठेवायला लावलं. आपलं नख दाबून जिथे जराही खूण उमटत नाही ती वस्तू दाताला जड, वरची मोठी दाढ उभी चिरते त्याने. खुर्च्यांना कडू स्प्रे मारला, त्याने थोडा फरक पडला पण तो सारखा मारावा लागतो आणि काही कुत्री तर तोही चाटून टाकतात, त्यामुळे एकट्या स्प्रेवर माझी भिस्त नसते. मिरची वगैरे लावायचं तर डोक्यातही आणू नका.

बाकी वासासाठी साधंच. आंघोळ महिन्यातून एकदा पुरते, कुत्र्यांच्या शाम्पूने, अंडरकोट, म्हणजे आतला मऊ दाट केसांचा थर, पार आतपर्यंत सुकवून, मधल्या दिवसांत ब्रश. गादीचं कव्हर दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायचं, कारण हॉलमधला निम्मा वास त्या गादीतच बसलेला होता.

आता ब्रुनो नियमित येतो. पाहुणे आले की दाराच्या चौकटीला अजून एखादा चावा बसतो, तेवढं काकूंनी स्वीकारलंय, आणि त्याला देऊन टाकायचा विषय घरात कुणी काढत नाही. सध्या आम्ही त्याला दात घासायची सवय लावतोय. आधी नुसतं बोट, मग बोटावर पेस्ट, मग ब्रश. पेस्ट कुत्र्यांचीच, आपली नाही, कारण माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य, असतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. ब्रश अजून तो चघळायलाच बघतो, पण तोंड मात्र स्वतःहून उघडतो, आणि दर वेळी मी टाळू बघून घेते.