बिल्डर रिकामा बसलाय

सोमवार, रात्री साडेअकरा

ताई आणि भाची आठवडाभर राहायला आल्यात. भाचीने आज विचारलं, "मामा, तू अजून तो गेम खेळतोस?" आवाजात चक्क कीव. गेम गाव बांधायचा आणि दुसऱ्यांची गावं लुटायचा. मला तो दाखवला तिनेच, पाय प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा. "फुकट आहे रे, घे टाकून," म्हणाली होती. सहा आठवडे पलंगावर काढायचे होते. पुढे प्लॅस्टर निघालं, कुबड्या सुटल्या, लंगडणंही थांबलं. गेम काही सुटला नाही. चौदा महिने झाले.

कुणी विचारलं की माझं एक ठरलेलं वाक्य आहे: "खेळतो, पण आजवर एक पैसा घातलेला नाही." हे म्हणताना मान जरा ताठ होते. भाचीने ते केव्हाच हेरलंय. आज मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "हो हो, एक पैसा नाही. माहितेय."

वाक्य खोटं आहे. निदान वहीत तरी खरं लिहू. चौथ्या महिन्यात, रात्री एकच्या सुमाराला, पाचवा बिल्डर, म्हणजे गावातली बांधकामं करणारा गडी, मिळावा म्हणून मी हिऱ्यांची (गेममधल्या चलनाची) थैली विकत घेतली. 'फक्त आजची रात्र' असं लिहिलेलं होतं आणि खाली घड्याळ उलटं धावत होतं. रक्कम किरकोळ होती. पण सकाळी बँकेचा मेसेज आला तो मी लगेच पुसून टाकला. माझा फोन हातात घेणारं घरात कुणी नसतं. मग तो लपवला कुणापासून, कोण जाणे.

('फक्त आजची रात्र' त्यानंतर दर महिन्याला येते.)

मंगळवार

सकाळचा कार्यक्रम जसाच्या तसा लिहून ठेवतो. डोळे नीट उघडायच्या आधी फोन. गाव उघडतं. खाणींवर नाण्यांचे फुगे तरंगत असतात. एकेकावर बोट टेकवलं की नाणी उडून वरच्या कोपऱ्यात जातात आणि टिंग टिंग टिंग आकडा चढतो. सात खाणी, सात वेळा टिंग. या आवाजात काहीतरी आहे. आवाज बंद ठेवून एकदा करून पाहिलं, तर नाणी तेवढीच जमली, पण हिशेब लिहिल्यासारखं वाटलं. मग भेटपेटी, मग हजेरीचा शिक्का, मग जाहिरात. तीस सेकंदांची जाहिरात पाहिली की दोन हिरे मिळतात. जाहिरात बंद करायची फुली नखाएवढीही नसते आणि पहिल्यांदा दाबली की हमखास दुसरंच काहीतरी उघडतं. हे सगळं करून मी तोंड धुवायला उठतो.

सध्या भिंतीचं काम चालू आहे. सहा दिवस अठरा तास लागणार होते, आज पाच दिवस उरलेत. पहिल्या दिवशी पहिली झोपडी दहा सेकंदांत बांधून झाली होती. मग एक मिनिट, मग वीस, मग चार तास. वेळ कधी वाढत गेला ते कळलंच नाही, कारण तोवर आपणही थोडे थोडे मुरत जातो.

आज एक गोष्ट आठवली आणि थोडा चरकलो. अगदी सुरुवातीला, खेळ शिकवताना, पडद्यावर एक बोट नाचत होतं. ते बोट सांगेल तिथे दाबायचं, दुसरीकडे दाबलं तर काही होतच नव्हतं. त्या बोटाने झोपडी बांधायला लावली, आणि लगेच शेजारचं हिरवं बटण दाबायला लावलं: 'आत्ता पूर्ण करा.' हिरे त्यांनीच दिलेले होते. दहा सेकंदांचं काम, थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण त्यांना झोपडी बांधायला शिकवायची नव्हतीच, शिकवायचं होतं ते हिरवं बटण. लढाई कशी करायची हे त्यानंतर शिकवलं.

म्हणजे वाट पाहायला लावणारे तेच, आणि वाट पाहण्यातून सोडवणारेही तेच. इतकं उघड आहे, आणि तरी चौदा महिने मी रोज सकाळी टिंग टिंग.

पण नुसतं असं लिहिलं तर तेही खोटंच. पलंगावर होतो तेव्हा या थांबण्याचाच आधार होता. हाड जुळायला नक्की किती दिवस, ते डॉक्टर सांगेनात. "बघू, पुढच्या एक्स-रेला कळेल." इकडे भिंत कधी होणार ते सेकंदापर्यंत लिहिलेलं. मी कूस बदलू शकत नव्हतो आणि गावात चार जण माझ्या नावाने काम करत होते. झोपलो तरी काहीतरी पुढे सरकत होतं. आणि क्लॅनमधली, म्हणजे गेममधल्या आमच्या टोळीतली, माणसं. कोण कुठल्या देशाचा पत्ता नाही, निम्म्यांची भाषा मला येत नाही, भाषांतराचं बटण दाबून बोलणं चालायचं. रात्री तीनला पाय ठणकत असताना सैन्य मागितलं की दोन मिनिटांत कुणीतरी पाठवायचं. एकाने तर 'आज पाय कसा आहे' असं विचारलं होतं. ऑफिसातल्या कुणालाही रात्री तीनला ते सुचलं नसतं, आणि सुचू नये हेही बरोबरच. पण हे माझ्या पदरात पडलं ते या फुकटच्या गेममुळेच. त्याची किंमत लावायला बसलो तर माझं सगळं तर्कट कोलमडेल.

बुधवार

काही नाही. भिंत चालू आहे. एक इव्हेंट सुरू झालाय, तीन दिवसांचा. पाहिला नाही. (पाहिला.)

गुरुवार

ताईचं मला कोडं पडतं. ती कँडी क्रश खेळते, किती वर्षं झाली तिलाच आठवत नाही. हजारो लेव्हल झाल्या असतील. पाच जीव मिळतात, एक गेला की तो परत यायला अर्धा तास. आज रात्री माझ्या समोरच तिचा पाचवा जीव गेला. पडद्यावर जीव विकत घ्यायचं बटण आलं. ताईने फोन पालथा ठेवला, चष्मा त्यावर ठेवला आणि म्हणाली, "जीव संपले. झोपते आता."

झालं! जी अडवणूक मला रात्री एक वाजता हिरे घ्यायला लावते, तीच ताईला वेळेवर झोपवते. मी विचारलं, "कधी विकत घ्यावेसे वाटले नाहीत?" तर म्हणाली, "का? उद्या मिळणारच आहेत की."

यावर काय बोलणार. मी आत येऊन भिंत पाहिली.

शुक्रवार, उशिरा

आज हल्ल्यांची यादी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचली. एरवी मी फक्त 'बदला' हे बटण शोधतो. दोन आठवड्यांत एकाच माणसाने माझं गाव अकरा वेळा लुटलंय. त्याचं गाव बघायला गेलो. भिंती लखलखीत, सगळ्या शेवटच्या लेव्हलच्या. सेनापतीच्या अंगावर जळती स्किन, म्हणजे नुसता दिखाऊ पोशाख, जी फक्त विकत मिळते. मी हिशेब केला. जो वेळ लागतो त्याने गेलं तर या गावाला कितीतरी वर्षं हवीत. खातं उघडून त्याला जेमतेम सात महिने झालेत.

आधी राग आला. मग एक वेगळाच विचार आला आणि राग गेला, पण बरं काही वाटलं नाही.

अशा गेममध्ये बहुतेक लोक कधीच पैसे देत नाहीत, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. कमाईचा मोठा वाटा मूठभरांकडून येतो. त्यांना तिथे 'व्हेल' म्हणतात, देवमासे. शब्द कॅसिनोतून उचललेला आहे. मी आजवर स्वतःला हुशार समजत होतो, की हे देवमासे बिल भरतात आणि आपण फुकटात खेळतो. पण माझ्यासारखे सगळे उद्या उठून गेले तर त्या जळत्या स्किनवाल्याने लुटायचं कुणाला? त्या भिंती बघायला येणार कोण? त्याने पैसे मोजले ते स्किनचे नाहीत, ती बघणाऱ्यांचे मोजले. म्हणजे माझे. मी त्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतोच, मालात होतो. रोज सकाळी न चुकता हजेरीचा शिक्का मारून मी माझी जागा सांभाळत होतो. आणि मान ताठ करून सांगतही होतो, एक पैसा नाही म्हणून.

फुकट या शब्दावरून पूर्वीही वाद झालेत. २००९ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने अ‍ॅपच्या आत विक्री सुरू केली ती फक्त विकतच्या अ‍ॅपमध्ये. फुकटच्या अ‍ॅपना ती मुभा मिळाली ऑक्टोबरात, आणि आजचा हा सगळा पसारा त्या चार महिन्यांच्या आत जन्माला आला म्हणायचा. पुढे २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने हरकत घेतली, की आत दुकान मांडलेलं असताना दारावर फुकटची पाटी लावून लोकांची दिशाभूल करू नका. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अ‍ॅपलच्या स्टोअरमधल्या बटणावरचा 'फ्री' शब्द गेला आणि 'गेट' आला. घ्या. नुसतं घ्या. कितीला ते विचारू नका. माझी भाची मात्र अजूनही 'फुकट आहे रे' म्हणते, आणि मीही.

शनिवार

भाचीचं प्रकरण. तिचा गेम वेगळा, गाचावाला. जपानमध्ये नाणं घालून दांडा फिरवला की बंद गोळ्यातलं खेळणं पडतं, त्यावरून हे नाव. इथे खेळण्याऐवजी पात्र पडतं. तिला एक निळ्या केसांची तिरंदाज हवी होती, शक्यता एक टक्का, इव्हेंट उद्या संपणार. तीन महिने एकही हिरा खर्च न करता तिने ऐंशी ओढींपुरते जमवले होते (एक ओढ म्हणजे तो दांडा एकदा फिरवणं). मला शेजारी बसवलं, "तुझा हात लागू दे एकदा" म्हणून.

ऐंशी गेल्या. तिरंदाज आली नाही. दर दहा ओढींनी आकाश फाटून उजेड यायचा आणि त्यातून तीच ती लाकडी तलवार.

तिचा समज असा, की एक टक्का म्हणजे शंभरात एक नक्की. मग आणखी वीस ओढी विकत घ्यायला काय हरकत आहे? कागद घेऊन बसलो. प्रत्येक ओढीला न मिळण्याची शक्यता ०.९९. तिला स्वतःलाच शंभर वेळा गुणायचं. उत्तर साधारण ०.३७. म्हणजे शंभर-शंभर ओढी ओढणाऱ्या शंभर पोरांतली सदतीस रिकाम्या हाताने परततात. ऐंशीला थांबणाऱ्यांतली पंचेचाळीस. आणि पुढच्या वीस ओढींना मागच्या ऐंशींची काही आठवण नसते. काही गेममध्ये याला तळ बांधलेला असतो. गेनशिन इम्पॅक्टमध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, पण नव्वदाव्या ओढीपर्यंत एक मिळतंच. तेही आपल्याला हवं तेच असेल असं नाही. भाचीच्या गेममध्ये तेवढाही तळ नाही.

हा एक टक्का तरी मला वाचायला मिळाला, कारण तो छापावा लागतो. चीनने २०१७ मध्ये तशी सक्ती केली आणि त्याच वर्षाअखेर अ‍ॅपलनेही आपल्या नियमात ते घातलं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्या सरळ जुगारातच मोजल्या. जपानमध्ये त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, गाचातून ठरावीक पात्रांचा संच पुरा केल्यावरच मोठं बक्षीस देण्याचा प्रकार बंद झाला. शेवटचं एकच राहिलंय, एकच राहिलंय, असं करत लोक उपसत राहायचे. छापलेला आकडा आमच्या इथे सात दाबांच्या आत, राखाडी अक्षरांत सापडला.

गणित भाचीला पटलं. "आता थांबले तर ऐंशी वाया," असं मात्र दोनदा म्हणाली. विकत घेतलं नाही. मग थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू एका भिंतीसाठी सात दिवस थांबतोस. मी हिच्यासाठी तीन महिने थांबले. तुला गणित येतं, मग तू का थांबतोस?"

मी म्हटलं, भिंत नक्की मिळते. ती म्हणाली, "आणि मिळाल्यावर?"

मिळाल्यावर पुढची भिंत. आठ दिवस.

रविवार

भाची सकाळी हजेरीचा शिक्का मारताना दिसली. मी काही बोललो नाही, माझा आधीच मारून झाला होता.

दुपारी फार्मव्हिल आठवला. २००९ साली ऑफिसातले अर्धे लोक त्यात शेती करत होते. वेळेत कापणी केली नाही तर पीक सुकायचं, म्हणून आमचा एक सहकारी मीटिंगमधून उठून गेला होता, पिकासाठी. ३१ डिसेंबर २०२० ला तो गेम कायमचा बंद झाला. सुकलेलं, न सुकलेलं, विकत घेतलेलं, सगळं शेत एकदमच गेलं. माझा पाचवा बिल्डरही असाच एक दिवस जाईल. त्याच्या पावतीवर 'विकत घेतला' असं लिहिलंय खरं.

उडवून टाकावा का? बोट आयकॉनवर दाबून धरलं, आयकॉन थरथरायला लागला, सोडून दिलं. क्लॅनमधल्या त्या माणसाला काय सांगायचं ते सुचेना. शेवटी एवढंच केलं: नोटिफिकेशन बंद केली. सगळी. रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवला, ताईच्या फोनशेजारी.

सोमवार

भिंत मध्यरात्रीच कधीतरी पूर्ण झाली असणार. मी गाव उघडलं तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि तोंड धुऊन झालं होतं. बिल्डर आपल्या खोपटाबाहेर भिंतीला टेकून, हातोडा मांडीवर घेऊन झोपला होता. डोक्यावर झोपेचे फुगे. त्याला असं चित्र काढून ठेवलंय हे मला चौदा महिन्यांत माहीत नव्हतं. मी त्याला इतका वेळ रिकामा कधी ठेवलाच नव्हता.

क्लॅनमध्ये कुणीतरी सैन्य मागितलं होतं. तेवढं दिलं. बिल्डरला उठवलं नाही.